एका खुर्चीची गोष्ट

गेल्या वैशाखात आमच्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन घरी आली. वडील एस.टी.मध्ये वाहक, घरी दोन एकर जिरायत, आणि मुलगी शिष्यवृत्ती मिळवून विलायतेला निघालेली. पुण्यात पदवी झाली होती. आता वरच्या शिक्षणासाठी ती वेल्समधल्या अबरिस्टविथ नावाच्या गावी जाणार होती. त्या नावाशी तिचीही जीभ एकदा अडखळली.

माझी आई ओसरीवर शेंगा फोडीत बसली होती. तिने विचारले, “कशाचं शिक्षण गं बाळ?”

“आंतरराष्ट्रीय सुरक्षा, आजी.”

आई थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, “म्हंजी बँकेच्या दारात बंदूक घेऊन हुभे असत्यात, तसलं?”

मुलगी हसली, मीही हसलो. पण मुलगी मोठी समजूतदार. आईजवळ खाली बसून तिने सांगितले, “तसं नाही आजी. देशादेशांत लढाया का होतात, त्या टाळायच्या कशा, सरकारांनी त्यासाठी काय धोरण ठेवावं, हे शिकायचं.”

आईने हातातली शेंग तशीच ठेवली. “आन् ते शिकून कळतं व्हय?” असे तिने विचारले.

हा प्रश्न तिने थट्टेने विचारला नव्हता. आमच्या माजघराच्या भिंतीवर तिच्या थोरल्या भावाची तसबीर आहे. १९७१ च्या डिसेंबरात तो गेला. तार आली तेव्हा आई शाळकरी होती, आणि ती वाचून दाखवायचे काम घरात लिहिता-वाचता येणारी म्हणून तिच्याच वाट्याला आले होते. लढाया का होतात हे कुठेतरी खोलीत बसवून शिकवतात, ही बातमी तिला सत्तरी ओलांडल्यावर कळत होती.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. मुलांना इतिहास शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विद्यापीठाच्या वरच्या वर्गांत काय चालते ते मला ऐकूनच ठाऊक. पण आईचा प्रश्न डोक्यातून जाईना. हा विषय शिकवावा असे प्रथम कोणाच्या मनात आले, आणि का, हे मी धुंडाळू लागलो. गंमत अशी की तो शोध मला फिरवून फिरवून त्या मुलीच्याच गावी घेऊन गेला. या विषयाचे जगातले पहिले प्राध्यापकपद ज्याला मानतात, ते लंडनला नव्हे, ऑक्सफर्डलाही नव्हे, तर अबरिस्टविथला, एका समुद्रकाठच्या लहानशा गावी, १९१९ साली निर्माण झाले. आपण ज्याला अध्यासन म्हणतो त्याला ते लोक सरळ खुर्ची म्हणतात. त्या खुर्चीचीच ही गोष्ट आहे.

वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिम अंगाला लागून असलेला डोंगराळ मुलूख. आपला पुणे जिल्हा आणि अर्धा सातारा एकत्र केला तर होईल एवढा त्याचा विस्तार. उत्तरेस पाटीच्या दगडाच्या खाणी, दक्षिणेस कोळशाच्या, आणि मधल्या डोंगरांवर मेंढरे. भाषा इंग्रजीहून अगदी वेगळी, आणि तिचा अभिमान मोठा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवीत. तो मुलगा दुसऱ्या कोणाला वेल्श बोलताना पकडी, तेव्हा ती पट्टी त्या दुसऱ्याच्या गळ्यात जाई. शाळेत पंचवीस वर्षे काढलेला मास्तर म्हणून सांगतो, मुलांना एकमेकांवर पाळत ठेवायला शिकवण्याइतके वाईट शिक्षण दुसरे नाही. असो. तरीही ती भाषा टिकली, आणि ती टिकवण्यात त्यांच्या कविसंमेलनाचा वाटा मोठा आहे. आइस्टेदवोद असे त्या मेळाव्याचे नाव. आपल्या साहित्यसंमेलनात आणि पंढरीच्या वारीत मिळून जेवढा जीव असतो, तेवढा त्या एका मेळाव्यात असतो. आणि तिथे सर्वश्रेष्ठ कवीला बक्षीस काय देतात? मुद्दाम घडवलेली लाकडी खुर्ची.

१९१७ च्या सप्टेंबरात हा मेळावा बर्कनहेड येथे भरला. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. व्यासपीठावर खुद्द पंतप्रधान लॉईड जॉर्ज, जातीचे वेल्श, बसलेले. त्या साली खुर्ची घडवली होती बेल्जियममधून पळून आलेल्या एका निर्वासित कारागिराने. स्पर्धेतला विजेता टोपणनावाने पुकारतात आणि तो गर्दीतून उठून पुढे येतो, अशी रीत. तुताऱ्या वाजल्या, नाव पुकारले, कोणी उठले नाही. पुन्हा पुकारले. तिसऱ्यांदा पुकारले. मग जाहीर करण्यात आले की कवी सहा आठवड्यांपूर्वी, ३१ जुलै रोजी, बेल्जियमच्या आघाडीवर पडला. त्याचे खरे नाव एलिस इव्हान्स. डोंगरात मेंढरे राखणारा शेतकऱ्याचा मुलगा, वय तिशीचे. कवितेसाठी त्याने हेद विन असे नाव घेतले होते आणि त्यातल्या हेद या शब्दाचा अर्थ शांती असा आहे. त्या रिकाम्या खुर्चीवर काळे कापड पांघरले. आजही ती खुर्ची त्याच्या घरी, त्या शेतघरात ठेवलेली आहे. बेल्जियममधून आलेल्याने ती घडवली आणि बेल्जियमला गेलेल्यासाठी ती रिकामी राहिली, हा योग कादंबरीत घातला असता तर संपादकांनी कृत्रिम म्हणून खोडला असता.

पुढे दीड वर्षातच दुसरी खुर्ची आली. तिचा दाता होता डेव्हिड डेव्हिस. पण त्याच्याकडे वळण्याआधी त्याच्या आजोबांना भेटले पाहिजे, कारण पैसा आजोबांचा होता. आजोबांचेही नाव डेव्हिड डेव्हिसच.

हा आजोबा म्हणजे लान्डिनम गावच्या एका लहान शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८१८ चा. लहानपणीच शाळा सुटली. मोठे ओंडके कापायचे काम तो करी. त्या कामात जमिनीत खड्डा घेऊन एक माणूस खाली आणि एक वर राहून करवत ओढतात. खालच्याच्या डोळ्यांत भुसा पडतो, आणि वरच्याला रेघ धरून कापायची अक्कल लागते. हा वरचा माणूस, आणि आयुष्यभर लोकांनी त्याला त्याच नावाने ओळखले. ओंडक्यांवरून तो पुलांकडे गेला, पुलांवरून रेल्वेकडे. टालेर्दिग येथे त्याने डोंगर फोडून एकशेवीस फूट खोल खिंड काढली. त्या वेळी खडकातून कापलेली एवढी खोल खिंड जगात दुसरी नव्हती, असे म्हणतात. त्यातून निघालेला दगड पुलांना वापरला.

मग तो कोळशाकडे वळला. ऱ्होंडाच्या खोऱ्यात त्याने विहिरीसारखी खाण खणायला घेतली. महिन्यांमागून महिने गेले, कोळसा लागेना, पैसा संपला. अशी कथा सांगतात की त्याने मजुरांना गोळा करून म्हटले, तुम्हाला द्यायला आता माझ्यापाशी काही नाही, खिशात एवढे अर्धा क्राऊनचे नाणे उरले आहे. गर्दीतून कोणी ओरडला, तेही आणा इकडे! त्याने ते नाणे तसेच त्यांच्याकडे फेकले. त्या गोष्टीने मजूर इतके खूष झाले की आणखी आठवडाभर फुकट खणू म्हणाले, आणि त्या आठवड्यात कोळसा लागला. हे १८६६ साल. कथेला तिखटमीठ लागले असेलच; मी स्वतः लेखक आहे, मला तिखटमिठाचा वास येतो. पण कोळसा लागला हे खरे, आणि तो असा लागला की थोड्याच वर्षांत हा करवत्या वेल्सच्या बड्या खाणमालकांत गणला जाऊ लागला. कार्डिफच्या बंदरात गर्दी होते म्हणून त्याने आणि त्याच्या जोडीदारांनी बॅरी येथे स्वतंत्र गोदी बांधली. ती १८८९ मध्ये उघडली. लान्डिनमला त्याचा पुतळा आहे. हातात तलवार नाही, गोदीचा नकाशा आहे.

आता कॉलेजचे. रेल्वेच्या धंद्यात या आजोबाचा एक जुना भागीदार होता, टॉमस सॅव्हिन. दोघांची भागी १८६० मध्ये तुटली. सॅव्हिनने अबरिस्टविथच्या समुद्रकाठी भलेमोठे हॉटेल बांधायला घेतले आणि १८६६ मध्ये त्याचे दिवाळे वाजले. ते अर्धवट हॉटेल दहा हजार पौंडांना विकत घेऊन वेल्श लोकांनी आपले पहिले विद्यापीठ-कॉलेज काढले. १८७२ च्या ऑक्टोबरात ते सुरू झाले तेव्हा विद्यार्थी होते सव्वीस. सरकार मदत देईना, म्हणून प्रार्थनामंदिरांतून वर्गणी गोळा होई. खाणमजूर, शेतकरी, मोलकरणी पेन्या देत. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुठीमुठीने धान्य मागून वसतिगृहे चालवली, ती गोष्ट ज्या वाचकांच्या घरी सांगितली जाते त्यांना हे निराळे समजावून द्यायला नको. आणि त्या कॉलेजचा बरीच वर्षे खजिनदार कोण? दिवाळखोर सॅव्हिनचा जुना भागीदार, आपला करवत्या.

नातू १८८० चा. त्याला खड्ड्यात उतरावे लागले नाही. केंब्रिजला शिकला, १९०६ मध्ये पार्लमेंटात गेला. युद्ध सुरू झाल्यावर त्याने एक पलटण उभी केली आणि तिचा प्रमुख होऊन फ्रान्सच्या खंदकांत गेला. पलटणीत वेल्सचीच मुले होती. परत आला तो हाच विचार घेऊन, की हे पुन्हा होता कामा नये. असे त्या काळी लाखो लोकांना वाटत होते. फरक एवढा, की याच्यापाशी कोळशाचा पैसा होता आणि आडमुठेपणा होता. त्याच्या दोघी बहिणी, ग्वेन्डोलिन आणि मार्गारेट, अविवाहित, अबोल आणि धर्मशील. युद्धात त्या फ्रान्समध्ये त्रॉय येथे सैनिकांसाठी उपाहारगृह चालवीत होत्या. याच बहिणींनी पुढे मोने, रेनॉर, सेझान यांची चित्रे आपल्या देशाच्या संग्रहालयाला देऊन टाकली.

तिघा भावंडांनी मिळून कॉलेजला वीस हजार पौंड दिले. युद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांचे स्मारक व्हावे, हा हेतू. पण संगमरवरी स्तंभ नको, पुतळा नको. एक प्राध्यापक नेमा, आणि राष्ट्राराष्ट्रांत कायदा कसा नांदेल, राष्ट्रसंघ कसा चालेल आणि आपल्याहून वेगळ्या संस्कृती नीट कशा समजतील, याचा अभ्यास त्याने करावा व शिकवावा, अशी त्यांची इच्छा. शेवटचा भाग माझ्या विशेष लक्षात राहिला. सातारा जिल्ह्यातल्या कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाला किती माणसे गेली आणि किती परतली नाहीत याची दगडी पाटी आहे. पाटीवर आकडा असतो. ती माणसे कशासाठी गेली हे कोणी विचारीत नाही. इथे निदान एका घराने ते विचारायला पगारी माणूस ठेवला होता.

अध्यासनाला १९२२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचे नाव देण्यात आले. राष्ट्रसंघाची कल्पना पुढे रेटणारे ते; पण त्यांच्याच देशाच्या सिनेटने तह फेटाळला आणि अमेरिका त्या संघात कधीच गेली नाही. तिने यावे म्हणून वेल्सच्या बायकांनी जे केले ते मात्र सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९२३-२४ मध्ये त्यांनी घरोघर हिंडून अमेरिकेतल्या स्त्रियांना उद्देशून एका अर्जावर सह्या गोळा केल्या. तीन लाख नव्वद हजार दोनशे शहाण्णव! ते कागद ओकच्या पेटीत घालून ॲनी ह्यूज ग्रिफिथ्स आणि त्यांच्या सहकारी बाया अमेरिकेला गेल्या, अध्यक्ष कूलिज यांना भेटल्या. अमेरिका काही आली नाही. पेटी तिकडच्या संग्रहालयात पडून राहिली. २०२३ साली ती वेल्सला परत आली आणि आता अबरिस्टविथच्याच राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मी आमच्या विद्यार्थिनीला सांगितले आहे, दुसरे काही पाहा न पाहा, ती पेटी पाहा.

खुर्चीवर पहिले बसले आल्फ्रेड झिमर्न, प्राचीन ग्रीसवर सुंदर पुस्तक लिहिलेले विद्वान. दोनच वर्षांत, १९२१ मध्ये, त्यांना जावे लागले. कारण घरगुती होते आणि त्यात एका सहकारी प्राध्यापकाची पत्नी होती. दिवाळी अंक घरातली मुलेही वाचतात, तेव्हा एवढ्यावर थांबतो. दुसरे चार्ल्स वेबस्टर, इतिहासकार. नेपोलियननंतर युरोपात शांतता कशी बसवली याचे ते जाणकार. हे वर्षाचा बराच काळ परदेशी हिंडत आणि व्याख्याने देत. पुढे १९४४-४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेची जुळवाजुळव चालली तेव्हा ब्रिटनच्या बाजूने खपणाऱ्यांत ते होते. झिमर्नही युनेस्कोच्या उभारणीत होते. म्हणजे खुर्ची अगदीच वाया गेली असे कोणी म्हणू नये.

पण गोष्टीचा खरा रंग भरतो तो १९३६ मध्ये.

दरम्यान डेव्हिसच्या मनात एक योजना पक्की झाली होती. नुसता राष्ट्रसंघ कामाचा नाही. त्याच्या हाती दंडुका हवा. गावात पोलीसपाटील असतो तसे जगाचे पोलीस दल असावे. विमाने, रणगाडे, विषारी वायू ही १९१४ नंतर भरभराटलेली शस्त्रे फक्त त्या दलापाशी असावीत. देशांनी जुन्या बंदुकांवर भागवावे. १९३० मध्ये त्याने यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, १९३२ मध्ये एक संस्था काढली. ऐकायला भाबडे वाटते खरे. परंतु मांचुरियात जपान घुसला, अबिसीनियात इटली घुसली आणि राष्ट्रसंघ ठराव करीत बसला, ते पाहिल्यावर त्या भाबड्या माणसाला हसणाऱ्यांचे हसू जरा आटले. चर्चिल त्याच्या संस्थेच्या ब्रिटिश शाखेचे अध्यक्ष झाले ते १९३६ मध्येच.

त्याच साली अध्यासन रिकामे होते. डेव्हिसला आपल्या विचारांचा माणूस हवा होता. कॉलेजने निवडला एडवर्ड हॅलेट कार. वीस वर्षे परराष्ट्रखात्यात घालवलेला, १९१९ च्या पॅरिस परिषदेत कारकुनी केलेला, रीगाच्या कचेरीत वेळ जाईना म्हणून रशियन शिकलेला आणि डोस्टोव्हस्कीचे चरित्र लिहिलेला हा गृहस्थ. रशियन कादंबऱ्या वाचलेल्या माणसाला माणसे बदलतील असे सहसा वाटत नाही. त्याने शांततेसाठी स्थापलेल्या त्या खुर्चीवर बसून जे पुस्तक लिहिले, ते खुर्ची देणाऱ्याच्या साऱ्या स्वप्नावरच घाव घालणारे निघाले.

‘वीस वर्षांचा पेचप्रसंग’ असे त्या पुस्तकाच्या नावाचे मराठी होईल. पुस्तक छापखान्यात होते तेव्हाच, १९३९ च्या सप्टेंबरात, दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्याचा मुद्दा माझ्या शब्दांत असा: ज्याच्या घरात धान्याची कोठारे भरलेली आहेत तो म्हणतो, भांडण वाईट, शांतता सर्वांच्याच हिताची. ते खोटे नसते, पण त्याच्या हिताचे ते आधी असते. ज्याच्या घरी काही नाही त्याला ही शांतता म्हणजे आहे ते आहे तसेच ठेवण्याची युक्ती वाटते. नीतीची भाषा बोलणारे आपली सत्ता त्या भाषेआड झाकतात, म्हणून अभ्यासकाने आधी सत्ता पाहावी.

आपल्याला हे परके वाटू नये. १९१९ मध्ये जपानने सर्व वंश समान मानावेत असे कलम सुचवले, ते पॅरिसला मान्य झाले नाही. आणि राष्ट्रसंघाच्या मूळ सभासदांत हिंदुस्थानचे नाव होते, पण तेव्हा हिंदुस्थानचा कारभार कोणाच्या हाती होता हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. सभासदत्व होते, स्वराज्य नव्हते. त्या वेळच्या आपल्या माणसांना कारचे बोलणे चटकन पटले असते.

पण कार जिथे चुकला तिथे फार मोठा चुकला. सत्ता ओळखावी हे ठीक. सत्तेपुढे वाकावे हे त्यातून निघत नाही. त्याने १९३८ च्या म्युनिक कराराची, हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून देणाऱ्या त्या कराराची, पहिल्या आवृत्तीत भलावण केली होती. युद्ध संपल्यावर निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत ती वाक्ये गायब झाली. इतक्या हुशार माणसाने आपली चूक दोन ओळींत कबूल केली असती तर पुस्तकाचे वजन वाढलेच असते, असे मला वाटते. वर्गात मी फळ्यावर चुकीचे साल लिहितो तेव्हा मुलांसमोरच पुसतो.

याच म्युनिक करारानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा २३ नोव्हेंबर १९३८ रोजी कार्डिफला डेव्हिसने बांधवलेल्या शांतिमंदिराचे उद्घाटन झाले. पांढरी शुभ्र दगडी इमारत, खाली तळघरात वेल्सच्या पस्तीस हजार मृत सैनिकांच्या नावांची वही. उद्घाटन राजपुत्राच्या किंवा मंत्र्याच्या हस्ते नव्हते. डाउलेस गावच्या मिनी जेम्स नावाच्या बाईंनी दार उघडले. त्यांचे तीन मुलगे युद्धात गेले होते. हे मी आईला वाचून दाखवले तेव्हा ती काही बोलली नाही; ‘तीन’ एवढेच एकदा म्हणाली.

डेव्हिस आणि कार यांचे पुढे सुधारले नाही. युद्धकाळात कार लंडनला ‘टाइम्स’मध्ये अग्रलेख लिहू लागला, वर्गात येईना, आणि प्राध्यापकाचा पगार मात्र चालू. १९४३ मध्ये डेव्हिसने त्याला काढण्यासाठी मोठी खटपट केली. कॉलेजचे बहुतेक प्राध्यापक कारच्या बाजूने उभे राहिले आणि खटपट फसली. आजोबाने ज्या कॉलेजची तिजोरी सांभाळली, ज्याचा तो स्वतः अध्यक्ष होता, तिथे त्याचे चालले नाही. माझा कल या भांडणात दात्याकडे झुकतो, कारण न शिकवता पगार घेणे मला मास्तर म्हणून पटत नाही. पण दात्याला न आवडणारे बोलला म्हणून प्राध्यापक जायचा असेल, तर मग ती खुर्ची राहत नाही, त्याचे घरगुती पाट होतो. तेव्हा कॉलेजने केले तेच बरोबर.

१९४४ च्या जूनमध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्यानंतर थोड्याच दिवसांनी, डेव्हिस वारला. त्याचा मुलगा मायकेल तेव्हा बापाच्याच रेजिमेंटात अधिकारी होता. तो सप्टेंबरात युरोपच्या रणांगणावर मारला गेला, वय एकोणतीस. लान्डिनमची गादी लहानग्या नातवाकडे आली. लढाया कशा थांबतील याचा शोध लावायला ज्याने वीस हजार पौंड दिले, त्याच्या घरात तीन महिन्यांत दोन मृत्यू झाले, आणि त्यातला एक लढाईने.

कारने १९४७ मध्ये खुर्ची सोडली. कारण पुन्हा घरगुती, पुन्हा सहकाऱ्याची पत्नी! लहान गावात समुद्राकाठच्या लांब संध्याकाळी माणसांना काय सुचेल ते सांगता येत नाही. त्यानंतरचे प्राध्यापक शांत प्रकृतीचे, म्हणून त्यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. अणुबाँब आल्यावर विषयाचे रूपच पालटले. १९६० नंतर अबरिस्टविथलाही युद्धनीती आणि अण्वस्त्रे यांचे वर्ग भरू लागले. कोणाकडे किती क्षेपणास्त्रे, कोण आधी मारील, मारले तर दुसरा काय करील, असली गणिते. आपल्याकडेही १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये आंतरराष्ट्रीय विषयांचे विद्यालय निघाले, ते १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. पुण्याच्या विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा विभाग आहे. आमच्या विद्यार्थिनीला या विषयाची गोडी तिथल्याच एका व्याख्यानाने लागली.

पण अबरिस्टविथची खोड गेली नाही. शीतयुद्ध सरता सरता, १९९१ मध्ये, तिथल्याच केन बूथ नावाच्या प्राध्यापकांनी, स्वतः अनेक वर्षे युद्धनीती शिकवलेल्या माणसाने, एक निबंध लिहून विचारले की सुरक्षा सुरक्षा म्हणतो ती कोणाची? देशाच्या सीमा सुरक्षित आणि आत माणूस उपाशी, भयभीत, मुका, तर सुरक्षित कोण झाले? माणसाला जखडणाऱ्या गोष्टींतून त्याची सुटका म्हणजेच सुरक्षा, असे त्यांचे प्रतिपादन. त्या विचाराच्या लोकांना आता वेल्श परंपरेचे म्हणून ओळखतात. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, सगळ्यालाच सुरक्षा म्हटले की शब्दाला अर्थ उरत नाही; आणि शेजारी तोफ डागतो तेव्हा आधी सीमाच पाहावी लागते. या वादाचा निकाल लागलेला नाही. त्याच वर्गांत तो आजही चालतो, आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येतो, असे मुलगी सांगत होती.

जाण्याच्या आदल्या दिवशी ती निरोप घ्यायला आली. आईने मेतकूट आणि लसणाची चटणी बांधून ठेवली होती. तिने आईला वाकून नमस्कार केला. आई म्हणाली, “शिकून आलीस की मला सांग. माझ्या भावाच्या वेळचं बी काय लिवलेलं असलं तर वाच.” मुलीने हो म्हटले.

मी तिला एवढेच सांगितले, की शेवटची गाडी बदलल्यावर उजव्या-डाव्या दोन्ही खिडक्यांकडे लक्ष ठेव. अबरिस्टविथला जाणारी गाडी अजून त्याच वाटेने जाते, टालेर्दिगच्या खिंडीतून. म्हाताऱ्या करवत्याने फोडलेला खडक दोन्ही अंगांना दिसेल.

परवा तिचा निरोप आला. पोहोचली, खोली मिळाली, वारा फार आहे, चटणी पिशवीत सांडली. खिंड पाहायची राहिली. विमानाचे जागरण होते, गाडीत डोळा लागला. जाग आली तेव्हा समोर समुद्र होता. परतताना पाहीन म्हणते.